सुविचार पाठवणाऱ्यांना चार युक्तीच्या गोष्टी

आधी उगवत्या सूर्याचा फोटो शोधा. वाक्य काय, नंतर मिळतंच.

खाली नाव कुणाचंही घाला. वपुंचं कुठेही खपतं.

वाक्य मात्र अर्धंच उचला. हिपोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या सूत्रांचंच बघा. 'आयुष्य अल्प, विद्या अफाट' इथे कात्री मारा. पुढे तो म्हणतो की संधी निसटती, प्रयोग धोक्याचा, निर्णय अवघड. आणि वैद्याने आपलं काम चोख करून भागत नाही, रोग्याने आणि त्याच्याजवळच्या माणसांनीही आपापला वाटा उचलायला हवा. हे पाठवलंत तर ग्रुपचा मूड जाईल. तशी त्या सूत्रांत ताप, घाम, लघवी असलीच गाणी आहेत. आकडीनंतर ताप आलेला परवडला, तापानंतर आकडी वाईट, असं एक आहे. ते गुलाबावर कसं छापणार? पाठ करायचं ते रोग्याच्या उशाशी आठवावं म्हणून.

माझे वडील सध्या ॲडमिट आहेत. घरच्या ग्रुपवर विचारलं, 'आज रात्री थांबायला कुणी येईल का?' काकांचं उत्तर आलं: 'आयुष्य छोटं, कला अमर.' खाली हात जोडलेल्यांची ही रांग! मावसभावाने तर तेच पुन्हा फॉरवर्ड केलं. मलाच.

उपरोधाच्या वाटेला जाऊ नका, वाया जातो. फ्रेंच लेखक राब्ले पेशाने डॉक्टर. १५३१ साली माँपेलिएत त्याने हीच सूत्रं शिकवली, १५३२ मध्ये ल्योंला त्यांची आवृत्ती काढली आणि त्याच सुमारास राक्षसांच्या गोष्टी रचून शहाण्यासुरत्यांची यथेच्छ टर उडवली. पुढे ला रोशफूको या सरदाराने १६६५ मध्ये तसलीच आखूड वाक्यं काढली, पण नाडी पाहिली ती आपल्या ढोंगाची. 'दुसऱ्याचं दुःख सोसण्याइतकं बळ आपल्या सगळ्यांत असतं', हे त्याचं. मी टाकलं ग्रुपवर. काकांचा अंगठा आला. वर 'सुंदर विचार'!

अहो, लाज वाटते का थोडी? वैद्याने रोग्यापाशी बसून जे पाहिलं ते तुम्ही तिथे बसायला लागू नये म्हणून वापरताय. सकाळी सहाला 'काळजी घ्या' पाठवायला जाग येते, आणि रात्री दहाला सगळ्यांची बीपी वाढते! बंद करा हे. वॉर्डात एकच माणूस सोडतात, पास माझ्याकडे आहे, शेजारी प्लास्टिकची खुर्ची आहे. सलाइन संपत आलं की सिस्टरना हाक मारायची, एवढंच काम. किती वाजता येताय, तेवढं लिहा.