पुळणीच्या वाटेवरचे खांब

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी ओमानमधल्या बिदियाच्या टायरवाल्याकडे चाकांतली हवा कमी करून घेत उभा होतो, तेवढ्यात दादाचा व्हॉइस मेसेज आला. दादाचे मेसेज चार मिनिटांच्या आत संपत नाहीत. सार एवढंच की, वाडीतून पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूवर, उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी चिऱ्याचे तीन खांब उभे करायचे, म्हणजे कोणाची गाडी वाळूत जाणार नाही, असा विषय ग्रामसभेत येतोय. वाडीत दोन तट पडलेत. "तू तिकडे दर आठवड्याला वाळवंटात गाडी घालतोस, तर तूच सांग काय करायचं. आणि लवकर सांग, विचार करत बसू नको."

मस्कतहून बिदिया दोन-अडीच तासांवर आहे. तिथून पुढे वहिबाची वाळू सुरू होते. वाळूत शिरण्याआधी टायरची हवा बत्तीसवरून सोळा-अठरावर आणायची, हा इथला पहिला धडा. हवा कमी झाली की टायर पसरतो, गाडीचं वजन जास्त जागेवर पडतं आणि चाक वाळू खणत बसत नाही, वरून निघून जातं. दुसरा धडा, एकट्या गाडीने जायचं नाही. माझी जुनी टोयोटा प्राडो आणि मित्राची निसान पत्रोल अशी जोडी गेली कित्येक वर्षं जमलेली आहे. तेव्हा दादाचा प्रश्न तसा योग्य माणसाला होता. अडचण एवढीच की वाडीतल्या ज्या गाड्यांवरून वाद चाललाय त्यातली एक आमचीच.

आमचं गाव दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या आसपास. नाव मुद्दाम देत नाही, पुतण्या हे वाचणार आहे. घरी महिंद्राची थार आहे, 2021 सालची. पैसे माझे, कागदावर नाव दादाचं आणि चालवते मुख्यतः वहिनी.

ती घेण्यामागे हौस नव्हती असं म्हटलं तर वहिनी हसेल. पण कारण खरंच साधं होतं. घरापासून डांबरी रस्ता जेमतेम तीनशे मीटर, आणि ती सगळी चढण. पूर्वी तिथे चिऱ्यांची पाखाडी होती. मग पायऱ्या काढून काँक्रीटचा उतार केला, रस्ता झाला म्हणून नारळ फुटला, आणि पहिल्याच पावसात त्यावर असं शेवाळ धरलं की रिक्षावाल्यांनी खाली यायचं सोडलं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडून आत घुसलं आणि जाता जाता दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी आडव्या करून गेलं. त्याच आठवड्यात आईला ताप भरला. दादाने आणि शेजारच्या तिघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, पडलेल्या माडांवरून पाय टाकत वर नेलं. विमानं बंद होती. मी मस्कतला फोन हातात धरून बसलो होतो. ती खुर्ची माझ्या डोक्यातून गेली नाही. नवी थार त्या ऑक्टोबरात बाजारात आली, नंबर लावला, सात महिने वाट पाहिली.

गाडी दारात आली, पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि आईला बसवायला गेले तर तिला चढताच येईना. जिच्यासाठी घेतली तीच खाली उभी! आधी पाट ठेवून बघितला, तो घसरला. शेवटी न्हाणीतलं निळं प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. ते तेव्हापासून गाडीतच आहे. दादा स्टूल ठेवतो, आई एका हाताने दारावरचा दांडा धरते, दुसऱ्या हाताने लुगड्याचा काठ, "सरक मेल्या" म्हणते आणि चढते. स्टूल मागे टाकायचं. उतरताना परत पुढे. 650 मिलिमीटर पाण्यातून जाणारी गाडी आहे म्हणे, पण स्टूल घरी राहिलं तर आमच्या काही कामाची नाही.

गाडीने घर बदललं ते असं बारीकसारीक ठिकाणी. वहिनी आधी स्कूटर चालवायची, तीही वरच्या सपाटीवर. पुतण्याने तिला छोटा दांडा दाखवला, फोर एल, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, टाकायचं, पहिल्या गिअरात ब्रेकला पाय न लावता उतारावर सोडायची, इंजिनच गाडी धरून ठेवतं. पहिल्या दिवशी ती डोळे मिटून उतरली असं दादा सांगतो, ते खोटं असावं. पण त्या वर्षापासून आमसुलं आणि आगळ दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला द्यायचं बंद झालं. ती स्वतः दापोलीला नेते, भाव स्वतः करते, आणि ते पैसे कुठे जातात हे दादालाही ठाऊक नाही.

शिवाय ती गाडी आमची एकट्यांची राहिलीच नाही. बागेत कोणाला फुरसं चावलं, रात्री कोणाच्या पोटात कळ आली, की पहिला फोन वहिनीला. डिझेलचं कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी ओटीवर दोन पापलेटं नाहीतर फणस येऊन पडतो. दादा याला 'मायलेज' म्हणतो.

गेलं तेही सांगायला हवं. आई रोज संध्याकाळी पाखाडी चढून देवळात जायची, वाटेत चार घरी टेकायची. अर्ध्या वाडीच्या बातम्या तिच्याकडून कळायच्या. आता गाडी थेट देवळापाशी. बातम्या बंद झाल्या, गुडघे आखडले. वयाने की गाडीने, हे दापोलीचे डॉक्टरही सांगत नाहीत.

इकडे ऑफिसात कोणी विचारलं, भारतात घरी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं फिरवणारी गाडी, कशाला, तर मला समजावून सांगताना पंचाईत होते. ओमानमध्ये डांबर संपतं तिथून ती लागते. आमच्याकडे डांबर असलं तरी लागते. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता, आता इंजिनीअरिंगला आहे, आणि गणपतीला निघालेले चाकरमानी अजून माणगावला अडकतात. रस्ता होत नाही म्हणून ज्याला जमतं तो उंच गाडी घेतो, आणि ज्याने घेतली त्याची रस्त्याबद्दलची तक्रार हळूहळू कमी होते. माझीच झाली. काँक्रीटवर खाचा पाडून घ्या म्हणून मी दर वर्षी सरपंचांच्या मागे लागायचो, 2021 नंतर एकदाही बोललो नाही. रिक्षावाले अजून वरच थांबतात. ज्यांच्याकडे थार नाही त्यांच्या म्हाताऱ्यांना अजून खुर्चीतूनच नेतात, नाहीतर वहिनीला फोन.

आता खांबांचं. एका तटाचं म्हणणं, थारवाल्यांना माज असतो, त्यांना अडवलंच पाहिजे. हे मी गावच्या ग्रुपवर वाचतो, टीव्हीवर ऐकतो, आमच्याच ओटीवर बसून लोक आमच्याच चहाबरोबर बोलतात. माज असतो, नाही म्हणत नाही. काळ्या काचा, ठणाणा गाणी, पुढे लोखंडी बुलबार. त्या बुलबारवर तर 2017 पासून बंदी आहे, तरी दापोलीत अर्ध्या तासात बसवून मिळतो. पण पुळणीत रुतणाऱ्या गाड्या बघाल तर त्यात सगळंच असतं. 2024 च्या डिसेंबरात रेवदंड्याला फेरारी रुतली आणि ती बैलगाडीला बांधून काढली, तो व्हिडिओ मला इथे एका केरळी माणसाने दाखवला. आणि पुष्कळ थारना मुळात फोर बाय फोर नसतंच. 2023 च्या जानेवारीत कंपनीने फक्त मागची चाकं फिरवणारी स्वस्त थार आणली. चार मीटरच्या आतली लांबी आणि दीड लिटरचं डिझेल इंजिन, म्हणून कर कमी. दिसायला तीच. घेणाऱ्याला वाटतं आपण डोंगर चढू शकतो. पुळणीवर पोचल्यावर खरं काय ते कळतं. तेव्हा माणसाच्या स्वभावावर भांडून काही हाती लागणार नाही. गाडी कुठवर जाईल एवढंच ठरवता येतं, आणि ते ठरवायला तीन खांब पुरतात.

इथे मी हेच पाहिलं. जबल अख्दरच्या डोंगरावर चढताना बिरकत अल मौझपाशी पोलिसांची चौकी आहे. रस्ता आपल्या घाटाला लाजवेल असा गुळगुळीत, तरी फोर बाय फोर नसलेली गाडी तिथून परत फिरवताना मी पाहिली आहे. भीती चढाची नाही, परतीच्या लांबलचक उताराची आहे. ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. वादी म्हणजे आपला पऱ्याच, ओढा, फक्त बहुतेक वर्ष कोरडा. तो वाहायला लागला की त्यात गाडी घालणं हा गुन्हा, तुरुंगातही जावं लागू शकतं. 2007 च्या गोनू वादळात मी मस्कतमध्ये नवा होतो. वादीतून पत्र्याच्या डब्यांसारख्या वाहत चाललेल्या गाड्या पाहिल्या, त्यामुळे त्या कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि रास अल जिन्झला, जिथे मोठी हिरवी कासवं अंडी घालायला येतात, तो किनारा 1996 पासून राखीव आहे. प्राडो पार्किंगमध्ये ठेवायची आणि रात्री वाटाड्याच्या मागे गुपचूप चालत जायचं.

पण "तिकडे बघा कसं" हे प्रवचन मला द्यायचं नाही. ओमान क्षेत्रफळाने जवळपास महाराष्ट्राएवढा, आणि माणसं साधारण 50 लाख. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेलाच सव्वाअकरा कोटी होती. वहिबात मी दिवसभर गाडी फिरवली तरी कोणाच्या खळ्यातून जात नाही. आमची पुळण दोन किलोमीटरची. त्यातच होड्या, तिथेच जाळी सुकतात, तिथेच पोरांचं क्रिकेट, तिथेच पर्यटकांचे फोटो. शिवाय इथले नियम करताना मला कोणी विचारलं नाही. मी परका, विचारणारही नाहीत. गावात खांबासारख्या गोष्टीवर शंभर माणसं तीन तास ओरडतात, नारळपाण्याची गाडी लावणाऱ्यापासून होडीवाल्यापर्यंत, आणि मस्कतला बसलेल्यालाही मत विचारतात. ते मला आवडतं. उशीर होतो, तरी आवडतं.

पुतण्याचं प्रकरण आता टाळता येत नाही. मागच्या फेब्रुवारीत, अवसेच्या संध्याकाळी, हा तीन मित्रांना घेऊन थार पुळणीवर घेऊन गेला. संध्याकाळी सहाची ओहोटी, पाणी लांब गेलेलं, ओली वाळू फरशीसारखी कडक. तिच्यावरून गाडी झकास पळाली. वळवताना कोरड्या वाळूत गेली आणि बसली. त्याने ॲक्सिलरेटर दाबला, चाकं एक्सलपर्यंत आत. हवा पूर्ण बत्तीस. अवसेची भरती कशी चढते हे कोकणातल्या पोराला सांगावं लागू नये, पण त्याला आठवलं तेव्हा पाणी चाळीस पावलांवर होतं. मी व्हिडिओ कॉलवर "हवा काढा, आधी हवा काढा" असा ओरडत होतो आणि पलीकडे कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. कोळीवाड्यातली पंधरा माणसं आली. होडी चढवायच्या फळ्या चाकांखाली सरकवल्या, होडीचाच दोर बांधला आणि होडी ओढताना देतात तीच आरोळी देत गाडी वर घेतली. मागची चाकं तोवर पाण्यात होती. एक म्हातारबाबा कॅमेऱ्यात तोंड घालून मला म्हणाले, "होडी बरी हो, तिला निदान तरंगता तरी येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला कासवमित्र दादाला पुळणीवर घेऊन गेला. ओरडला नाही. वीतभर खोल चाकोऱ्या दाखवल्या. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, मग हे काम किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत पसरलं. आमच्याकडेही अंडी उचलून कुंपणात नेतात. पिल्लं मात्र सोडतात ती याच वाळूत. चार सेंटिमीटरचं पिल्लू चाकोरीत पडलं की समुद्राकडे जायच्या ऐवजी चाकोरीतूनच चालत राहतं आणि कावळ्याच्या तोंडी जातं. जे घरटं नजरेतून सुटलं त्यावरून चाक गेलं तर कोणाला कळणारही नाही. आमच्याकडे येणारं ऑलिव्ह रिडले कासव ओमानच्या मसिरा बेटावरही येतं. समुद्र एकच आहे, हे दादाने त्या दिवशी मलाच फोनवर सुनावलं.

गाडीचा तळ गोड्या पाण्याने तीनदा धुतला, तरी पावसाळ्यापर्यंत नटबोल्टांवर गंज चढलाच. ते जाऊ दे.

बिदियाहून मी दादाला उलट मेसेज केला. खांब घाला. पर्यटक येणार नाहीत ही दुसऱ्या तटाची भीती फुकाची आहे, ज्याला समुद्र बघायचाय तो पन्नास पावलं चालेल. फक्त मधला खांब काढता येईल असा करा. कोळ्यांचा बर्फाचा टेम्पो खाली गेला पाहिजे, कोणी बुडालं तर ॲम्ब्युलन्सही. आणि ग्रामसभेत खांबांचा ठराव करताय तसाच आपल्या चढणीच्या खाचांचाही करा. हे माझ्या बाजूने चार वर्षं राहून गेलं होतं.

खाचांचा ठराव पुढच्या सभेवर गेला. खांब मात्र महिन्याभरात उभे राहिले. मधला लोखंडी, त्याला साखळी आणि कुलूप. मग किल्ली कोणाकडे ठेवायची यावर दोन सभा झाल्या. सरपंच म्हणाले ग्रामपंचायतीत, पण ती संध्याकाळी सहाला बंद होते. कोळीवाडा म्हणाला आमच्याकडे, त्याला नारळपाणीवाल्यांचा विरोध. शेवटी रात्री-अपरात्री फोन कोणाला जातो यावरून ठरलं. एक किल्ली आता कोळीवाड्यात असते, दुसरी वहिनीकडे, थारच्या किल्लीच्याच रिंगमध्ये. पुतण्याला तूर्त दोन्ही बंद आहेत.