फोकस कीवर्ड: वारस नोंद

आज दुपारी एका क्लायंटकडून माझा लेख परत आला. विषय वारस नोंद, म्हणजे घरातला माणूस गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं कशी लावायची. मी एका निवृत्त तलाठ्यांकडे बसून, त्यांचा चहा पिऊन, एकेक गोष्ट विचारून लिहिलेला लेख. त्यावर कॉमेंट काय, तर (फोकस कीवर्ड म्हणजे लोक गूगलवर ज्या शब्दाने शोधतील असं धरून लेख लिहितात तो शब्द, इथे 'वारस नोंद') 'फोकस कीवर्ड फक्त सहा वेळा आलाय, किमान वीस-बावीस वेळा हवा. पहिल्या पॅरात दोनदा, प्रत्येक सबहेडिंगमध्ये एकदा. बाकी लेख छान.'

बाकी लेख छान!! म्हणजे त्या माणसाने लेख वाचलेलाच नाही, त्याने लेख मोजलाय.

बरं, मोजतं कोण? एक प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर; कीवर्ड पुरेसा आला की हिरवा दिवा, नाहीतर लाल. त्याला मराठी विभक्ती कळत नाही. 'वारस नोंदीसाठी' लिहिलं की ते धरत नाही, 'वारस नोंदीचा अर्ज' लिहिलं तरी लाल दिवा. मग हिरवा दिवा लागावा म्हणून आमची पोरं लिहितात 'वारस नोंद साठी', 'वारस नोंद चे फायदे', 'वारस नोंद ला लागणारी कागदपत्रे'. तुम्हाला वाटतं ना की आजकाल वेबसाइटवरचं मराठी असं तुटकं तुटकं का असतं, शब्द एकीकडे आणि प्रत्यय दुसरीकडे? लिहिणाऱ्यांना मराठी येत नाही असं नाहीये हो (काहींना येत नाही, ते सोडा), त्यांना तो दिवा हिरवा करायचा असतो.

मला राग का आला हे सांगायचं तर काकांचं सांगावं लागेल.

आमचे काका साताऱ्याकडे गावी असतात. आजोबा गेले तरी जमीन बरीच वर्षं आजोबांच्याच नावावर होती, 'बघू, करू' यात राहिलं. एकदा मी गावी गेले होते तेव्हा काका ओट्यावर बसून मोबाइलच्या माइकमध्ये बोलत होते, "वडलांच्या नावावरची जमीन पोरांच्या नावावर कशी करायची?" अगदी समोर माणूस असल्यासारखं, सावकाश. मग चष्मा लावून वाचत बसले. जाहिरात, मग 'वारस नोंद म्हणजे काय', मग जाहिरात, मग 'वारस नोंद ही एक अत्यंत महत्त्वाची प्रक्रिया आहे', मग 'वारस नोंद चे महत्त्व', मग 'चला तर मग जाणून घेऊया'. खाली सरकवतायत, सरकवतायत. शेवटी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अगं पोरी, ह्यात माझं कुठं काय लिवलंय ते तूच बघ." मी बघितलं. काहीच नव्हतं. लांबलचक लेख होता आणि त्यात काकांचं काहीच नव्हतं.

काकांचे प्रश्न साधे होते. मुंबईचा भाऊ बोलत नाही, त्याची सही लागते का? आत्याचं नाव लावावं लागतं का, ती म्हणते मला नको काही? आणि किती दिवस लागतात? बस्स.

आता याची उत्तरं काही गुप्त नाहीत. एका वारसाने अर्ज केला तरी चालतो, सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागत नाही, फक्त नावं सगळ्या वारसांची द्यायची, कोणाला लपवायचं नाही. आत्याचं नाव लागतं, मुलगीही वारसच आहे. तिला खरंच नको असेल तर तिने हक्कसोडपत्र करून द्यायचं, आणि तेही दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं, घरी कागदावर लिहून अंगठा घेतला असलं चालत नाही. आधी वारस रजिस्टरला म्हणजे गाव नमुना ६क ला चौकशी होऊन नोंद होते, मग गाव नमुना ६ ला फेरफार पडतो म्हणजे नाव बदलाची नोंद होते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतात आणि मग सातबाऱ्यावर नाव येतं. झालं! एवढं एका पानात मावतं. पण त्या पानात 'वारस नोंद' बावीस वेळा मावत नाही ना.

आणि मला सांगा, हे सगळं कोणासाठी चाललंय? म्हणे गूगलसाठी. अरे, पण गूगलने कधी मागितलंय हे? कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लिहायची कीवर्डची यादी) आम्ही रँकिंगला, म्हणजे कुठलं पान वर दाखवायचं ते ठरवायला, वापरतच नाही हे गूगलने २००९ मध्ये जाहीर सांगितलं. २०११ मध्ये पांडा अपडेट (गूगलच्या शोधाच्या पद्धतीतला बदल) आलं आणि नुसते कीवर्ड भरून लेख पाडणारे कारखानेच्या कारखाने खाली गेले. २०२२ मध्ये तर 'हेल्पफुल कंटेंट' नावाचंच अपडेट आणलं, त्याच वर्षी डिसेंबरात लेख तपासायच्या त्यांच्या निकषांत लिहिणाऱ्याचा स्वतःचा अनुभव हा मुद्दा वाढवला. कीवर्ड कोंबणं त्यांच्या स्पॅमच्या नियमांत आहे, आणि लेख इतक्याच शब्दांचा हवा असा काही जादूचा आकडा नाही असंही तेच सांगतात. आणि आपल्याकडे अजून एक्सेल शीट फिरतेय, डेन्सिटी दोन टक्के, म्हणजे शंभर शब्दांत दोनदा कीवर्ड. ही शीट कोणी बनवली, कधी बनवली, कोणाला माहीत नाही, पण ती आहे म्हणजे आहे. लग्नातला निवेदक कसा दर वाक्याला 'आपले लाडके आमदारसाहेब' म्हणतो, आमदारसाहेब केव्हाच जेवून गेलेले असतात, तसलं चाललंय.

ठीक आहे, एक मान्य करते. कीवर्डच नको असं म्हणणारेही मला पटत नाहीत. माझा एक मित्र ट्रेकिंगचं फार सुंदर लिहितो. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने गेला तेव्हाचा लेख तर असा की पाणी कुठे मिळेल, कुठला दगड सुटा आहे, उशीर झाला तर कुठून परत फिरायचं, सगळं त्यात. आणि शीर्षक काय दिलं? ढगांवर काहीतरी कवितेची ओळ. आख्ख्या शीर्षकात ना हरिश्चंद्रगड, ना नळीची वाट. कोण शोधणार? ढग शोधत कोणी गूगलवर येत नाही. मी भांडून भांडून शीर्षक बदलायला लावलं आणि आता लोक तो लेख मोबाइलमध्ये सेव्ह करून वर जातात. आतला एक शब्दही बदलावा लागला नाही. तर कीवर्डचं काम आहे, नाही कोण म्हणतंय? दारावरची पाटी पाहिजेच. पण घरातल्या प्रत्येक भिंतीवर तीच पाटी कशाला?

खरं तर कीवर्ड नीट बघितले ना तर ते लोकांचं बोलणं असतं. सर्च कन्सोल (काय शोधून लोक आपल्या साइटवर आले ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडून बघा एकदा, लोकांनी काय काय टाइप केलेलं असतं. सातबारा, ७/१२, सात बारा, इंग्रजी अक्षरांत सातबारा, त्यातही स्पेलिंगचे पाच प्रकार. तलाठ्याला आता सरकारी कागदावर ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून कोण म्हणतं? लोक तलाठीच शोधणार, मग लेखात तलाठी यायलाच पाहिजे आणि एकदा कंसात नवीन नावही, म्हणजे ऑफिसच्या दारावरची पाटी वाचून माणूस गोंधळणार नाही. हा झाला कीवर्डचा उपयोग! आणि लोक नुसते शब्द कुठे टाकतात, आख्खे प्रश्न टाकतात. 'भाऊ सही देत नाही काय करावे.' 'बहिणीचे नाव कमी करणे.' (हे दुसरं वाचून मला दरवेळी कसंतरी होतं, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.) काकांनी माइकमध्ये जे म्हटलं त्यात 'वारस नोंद' हे दोन शब्द नव्हतेच. त्यांना तो शब्दच माहीत नव्हता, त्यांना त्यांची अडचण माहीत होती. ज्या शब्दासाठी एवढी मारामारी तो शब्द काकांनी उच्चारलाच नाही, आणि तरी गूगलने त्यांना बरोबर विषयावर आणून सोडलं होतं. म्हणजे मशीनला कळलं हो. मशीनच्या पुढे आपला लेख होता आणि तो पोकळ होता.

मघाशी फार चिडून लिहिलं, आता थोडी शांत झालेय. त्या कॉमेंट करणाऱ्या मुलावर माझा राग नाही. त्याला महिन्याला लेखांचा ढीग तपासायचा असतो, त्याच्या वर कोणीतरी असतो, त्याला फक्त हिरवे दिवे बघायचे असतात. आणि लिहिणारी पोरं? शब्दाला पंधरा-वीस पैसे मिळतात हो काही ठिकाणी. त्या पैशांत कोण तलाठ्याकडे जाऊन बसणार, एसटीचं तिकीटसुद्धा निघत नाही. मग पहिल्या पानावरचे तीन लेख उघडायचे, त्यातलं थोडं थोडं उचलायचं, आणि त्या तिघांनीही तसंच केलेलं असतं. एकाने चुकून चुकीचं लिहिलं की ती चूक गावभर. आता तर तेही नको, एआयला सांगितलं की बाराशे शब्द तयार, त्यात वारस नोंद तीस वेळा. गूगलने मार्च २०२४ मध्ये असल्या घाऊक मालाविरुद्ध नियम कडक केले, पण मराठीत शोधून बघा, काय दिसतं ते.

काही जण म्हणतील, तू फुकटची तत्त्वं सांगतेस, साइट चालवायला जाहिराती लागतात, जाहिरातींना व्ह्यूज लागतात. लागतात. माझंही घर त्यावरच चालतं. पण काका त्या पानावर दहा मिनिटं होते आणि रिकाम्या हाताने गेले, तो व्ह्यू तुमच्या आकड्यात 'एंगेजमेंट' म्हणून चांगलाच दिसला असेल! ही कसली एंगेजमेंट?

पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी काकांना सांगितलं होतं की मी सगळं विचारून देते, पण त्यांना धीर निघाला नाही आणि माझ्यावर भरवसाही नसावा (पुण्याची पोरगी, हिला काय कळतंय). तालुक्याला एका एजंटला पैसे दिले, त्याने ते केलं जे काका स्वतः अर्ज लिहून करू शकले असते. किती दिले ते काकूलाही सांगितलेलं नाही. माहिती आयत्या वेळी मिळाली नाही की माणूस असा खिशात हात घालतो, आणि गरीब माणसाला तेवढा वेळच नसतो की दहा साइट वाचून त्यातलं खरं कुठलं ते ठरवावं. तुमच्या-माझ्यासारख्यांचं निभावतं, आपण कोणालातरी फोन करतो.

क्लायंटला मेल टाकलाय. 'सहाचे आठ करेन, जिथे आपोआप बसतात तिथे, बाकी नाही. आणि प्रत्यय तोडणार नाही.' बघू काय म्हणतात. नाही म्हणाले तर लेख माझ्या ब्लॉगवर टाकीन, शीर्षक सरळ: 'वडिलांच्या नावावरची जमीन वारसांच्या नावावर कशी करायची'.

त्यात एक भाग कच्चा आहे अजून. हरकत आली तर प्रकरण तक्रार रजिस्टरला जातं आणि सुनावणी होते एवढं मला कळलंय, पण प्रत्यक्ष सुनावणीला माणसाने काय काय घेऊन जायचं, वकील लागतोच का, तारखा किती पडतात, हे अनुभव असलेल्या कोणाकडून तरी ऐकायचंय. तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल किंवा महसूलमध्ये असेल तर इनबॉक्सला या, नाव कुठेही टाकणार नाही. आणि डिजिटल सहीचा सातबारा सरकारी साइटवर पंधरा रुपयांत निघतो, नुसता बघायचा असेल तर फुकट, तेवढं तरी घरच्यांना आजच सांगून ठेवा.