चित्रं सोडून सगळं नीट लावा

शाळेचं चित्रप्रदर्शन भरवायचं काम यंदा तुमच्या गळ्यात पडलंय म्हणे. अभिनंदन. मी पालक-शिक्षक संघात सहा वर्षं काढलीत, त्यातली चार प्रदर्शन समितीत, त्यामुळे आता जे सांगतोय ते खुर्च्या उचलून आणि शिडी धरून शिकलेलं आहे. पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, चित्रप्रदर्शनात चित्रांची काळजी सगळ्यात शेवटी करायची असते. चित्रं होतात हो. पोरं काढतातच, वहीच्या मागच्या पानावर काढतात, बाकावर काढतात, कोणाच्या बापाला थांबवता येत नाहीत. पण समई आपोआप येत नाही, ती कोणाच्या तरी घरून मागून आणावी लागते आणि परत करताना तिची एक वात-पट्टी हरवलेली असते.

तेव्हा आधी पाहुणा. आमदार मिळाला तर उत्तम, नाहीतर माजी आमदार, तोही नसेल तर पंचायतीत कोणी ना कोणी मोकळा असतोच. तारीख पाहुण्याला विचारून ठरवा, विषय पाहुण्याचं खातं बघून ठरवा आणि मग मुलांना सांगा चित्रं काढा. चित्रकाराला मात्र चुकूनही बोलावू नका. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर 1972 पासून कला महाविद्यालय आहे, तिथून शिकून बाहेर पडलेली माणसं अख्ख्या गोव्यात पसरलीयत, एखादा तुमच्याच वाड्यावर राहत असेल, म्हणून जरा सांभाळून. आम्ही एकदा ही चूक केली. तो माणूस आला, हार घालून घ्यायचं सोडून सरळ भिंतीकडे गेला आणि पहिलीतल्या पोरांच्या चित्रांपुढे उकिडवा बसून राहिला वीस मिनिटं, एका पोरीशी कोंकणीत कसल्यातरी मांजरावरून चर्चा करत, आणि इकडे व्यासपीठावर चार मान्यवर, एक फोटोग्राफर आणि वितळणारी मेणबत्ती. पुन्हा बोलावला नाही.

समईची एक युक्ती सांगून ठेवतो, पंखे बंद करायचे. सगळे. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोनशे माणसं बसलेल्या हॉलमध्ये पंखे बंद केले की ज्योत टिकते आणि भाषणं आपोआप आटोक्यात येतात असं वाटेल, पण नाही येत. भाषणात सोझा, गायतोंडे आणि लक्ष्मण पै ही तीन चित्रकारांची नावं यायलाच हवीत, पाहुण्याच्या पीएला आधीच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा. तपशील जास्त देऊ नका. साळगावात 1924 ला जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सोझा एवढं पुरे, त्याला 1945 मध्ये जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलं होतं हे सांगितलंत तर मागच्या रांगेतल्या सातवीच्या पोरांचे कान टवकारतील. गायतोंड्यांचं एकच सांगायचं, 2013 ला मुंबईच्या लिलावात त्यांचं चित्र 23 कोटींच्या वर गेलं. हे ऐकल्यावर पालक आपापल्या पोराच्या चित्राकडे पहिल्यांदाच नीट बघतात. ते चित्र कसं आहे, कसलं आहे, असं कोणी विचारत नाही. मी पण नाही विचारलं, खरं सांगतो.

आता लावणं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 इंचावर आला पाहिजे असा गॅलऱ्यांमधला एक रूढ हिशोब आहे, उभ्या मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीचा. तो तसाच्या तसा उचला. दुसरीतलं पोर जेमतेम चार फूट, म्हणजे त्याला आपलं चित्र बघायला मान वर करून उभं राहावं लागेल, पण प्रदर्शन काय त्याच्यासाठी आहे का? त्याने तर काढतानाच बघितलंय. शिवाय खालचा भाग मोकळा राहिला की तिथे कुंड्या मांडता येतात. स्पॉन्सरचा फ्लेक्स मात्र कुठूनही दिसेल असा लावा. तिसरीचा अख्खा वर्ग त्याच्यामागे गेला तरी चालेल, आमच्याकडे गेलाय.

नावाच्या चिठ्ठ्या विसरू नका, नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, टाइप करून. चित्र एक वेळ उलटं लागलं तर खपतं, पण आडनाव चुकलं तर रात्री दहाला फोन येतो. चिठ्ठी नसली की कसा घोळ होतो बघायचंय तर रिवणजवळ कुशावतीच्या काठी पणसायमळला जाऊन या. जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी बैल, हरणं आणि तो गोल गोल चक्रव्यूह कोरून ठेवलाय, नदीच्या गाळाखाली होता, 1993 मध्ये लोकांच्या नजरेला आला. एवढं मोठं प्रदर्शन आणि नाव नाही, इयत्ता नाही. सर्टिफिकेट द्यायचं तर कोणाला देणार तुम्ही?

आता निवडीचं. इथे जरा थांबतो कारण खरं कसब इथे लागतं.

मुलं जे बघतात ते काढतात ही मोठी अडचण आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी आणि चारच्या आकड्यासारखे चार पक्षी असं चित्र असेल तर डोळे मिटून निवडा. गोव्यात असे डोंगर नाहीत, आपले सडे वरून सपाट आणि सूर्य समुद्रात बुडतो, पण त्याने काही बिघडत नाही. कावी चालेल, फक्त देवळाच्या भिंतीवर ओल्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो खरवडून काढायचा असतो वगैरे सांगत बसू नका, लाल पोस्टर कलर आणि पांढरं कार्डशीट दिलं की 'वारसा' होतो. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट, असेल तर फळं मोजून बघा. एकीने माटोळीत खऱ्यासारखी कुजकी केळी आणि त्यावर मुंग्या काढल्या होत्या, ती आम्ही मागे ठेवली.

पण मुख्य गोष्ट फेरीबोटवाल्या पोराची. चोडण बेटावरून रोज फेरीबोटीने येणारा, चौथीत. विषय होता 'माझी मांडवी'. त्याने ऑइल पेस्टलने फेरीबोट काढली, पुढचा फळका जिभेसारखा बाहेर लोंबकळणारा, त्यावर दाटीवाटीने स्कूटर, सगळ्या माणसांच्या डोक्यावर छत्र्या, एका कुत्र्याच्या डोक्यावर पण छत्री, आणि कोपऱ्यात तो स्वतः, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग. आणि नदी सगळी तांबडी. तांबडी म्हणजे गच्च विटकरी, खडू दाबून दाबून झिजवलेला. टीचरनी विचारलं, बाबा पाणी निळं असतं ना? तर म्हणतो, "पावसांत न्हंय तांबडीच आसता न्ही टीचर, तुमी पळोवंक ना?" म्हणजे पावसात नदी तांबडीच असते ना, तुम्ही बघितली नाहीत?

आता टीचर पलीकडच्या बाजूने बसने येतात, त्यांच्याकडे सात वर्ग आणि प्रत्येकाला आठवड्याला एक तास, त्या बिचाऱ्या कुठे नदी बघत बसणार. आणि जुलैत घाटाखालची सगळी माती घेऊन येणारी मांडवी तांबडीच असते हे समितीतल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, रोज पूल ओलांडतो आम्ही. पण फ्लेक्स निळा होता. बोर्डाचं कापड निळं होतं. पाहुण्याचं खातं पर्यटन. मग प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी निळा पोस्टर कलर काढला आणि नदी नीट केली, वरून पांढऱ्याने दोन-चार लाटा. बाटलीचं झाकण घट्ट बसलं होतं, ते मी उघडून दिलं. त्या चित्राला दुसरं बक्षीस मिळालं. पोराने स्टेजवर जाऊन कंपासपेटी घेतली, खाली आला, चित्रासमोर जरा वेळ उभा राहिला आणि मग समोसा खायला गेला. काही बोलला नाही, म्हणजे आवडलंच असणार.

प्रदर्शन झालं की संग्रहालयाची सहल येते, कारण अहवालात तसा रकाना आहे, 2020 च्या शैक्षणिक धोरणापासून कला सगळ्या विषयांत मिसळायची असते आणि बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, मिसळणं सगळ्यात सोपं. जागतिक संग्रहालय दिन 18 मेला असतो, तो सोडून द्या, तेव्हा पोरं आंब्या-फणसांत असतात. आम्ही जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय ठरवलं आणि गेलो शुक्रवारी. ते शुक्रवारी बंद असतं. पण घाबरायचं कारण नाही, बंद गेटसमोर ग्रुप फोटो चांगला येतो, ऊन सरळ तोंडावर पडतं, मग मिरामारला जाऊन आईस्क्रीम. अहवालात 'विद्यार्थ्यांनी संग्रहालयास भेट दिली' असं लिहिलं, ते खोटं नाही.

पुढच्या वर्षी बुधवारी गेलो आणि खरी अडचण तेव्हा कळली. आत गेल्यावर पोरं वस्तू बघतात. यावर उपाय वर्कशीट. वस्तूचं नाव, काळ, साहित्य, असे चाळीस रकाने द्या, म्हणजे पोरं पाटीवरचं उतरवत राहतात आणि मूर्तीकडे मान वर करायला फुरसत मिळत नाही. न्यू यॉर्कच्या मेट म्युझियममध्ये लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे मोजलं होतं, 2001 मध्ये छापून आलं, सरासरी 27 सेकंद. आम्ही 120 पोरं पस्तीस मिनिटांत दोन्ही मजले फिरवून बाहेर काढली, मेटवाल्यांनी येऊन शिकावं.

तरी दोन ठिकाणी गाडी अडली. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरी आहेत, रांगेने, उभ्या, पायांपर्यंत. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, यांचे चेहरे वेगळे पण पाय एकाच माणसाचे का? टीचर म्हणाल्या रांग मोडू नको. आता त्या पोरीला हे कोण सांगत बसणार की 1547 मध्ये तेव्हाचा पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने ही मालिका सुरू केली आणि पुढे वेळोवेळी या तसबिरींवर रंग चढवून चढवून त्या 'नीट' केल्या गेल्या, खालचं खरं काय होतं ते शोधायला नंतर जाणकारांना थर काढत बसावं लागलं. म्हणजे प्रदर्शन समित्या तेव्हापण होत्या.

दुसरी अडचण वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. तोच फेरीबोटवाला पोर, आता पाचवीत. वीरगळासमोर खाली बसला आणि बोट दाखवून मित्राला सांगायला लागला, हे खालून वर वाचायचं, खाली मारामारी, मग ह्या बायका त्याला उचलून नेतायत, वर तो देवाकडे पोचला, कॉमिक आहे रे हे. वीरगळ खालून वरच वाचायचा असतो, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. गोव्याच्या वीरगळांत होड्यांतल्या लढायापण सापडतात, तसला एक दिसला असता तर त्याला तिथून हलवणंच कठीण झालं असतं. त्याची वर्कशीट कोरी निघाली. शेरा लाल पेनाने, 'लक्ष नाही'.

एक धोक्याचा इशारा देऊन ठेवतो. फिलिप येनवाइन आणि अ‍ॅबिगेल हाउसन नावाच्या दोघांनी अमेरिकेत एक पद्धत काढलीय, चित्रासमोर मुलांना बसवायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे, या चित्रात काय चाललंय, कशावरून म्हणतोस, अजून काय दिसतंय. बस. उत्तर बरोबर की चूक सांगायचंच नाही. खर्च शून्य, समई नको, फ्लेक्स नको. असला प्रकार शाळेत घुसला तर पोरं एका चित्रावर अर्धा तास बोलतील आणि आपण त्यांच्या मागे उभं राहून ऐकणार, आणि एखाद्याने 'कशावरून म्हणतोस' हे उलटं आपल्यालाच विचारलं तर? तेव्हा कोणी अशी कार्यशाळा सुचवली तर बजेट नाही म्हणून सांगा.

शेवटचं काम, चित्रं परत देणं. देऊ नका. स्टोअररूममध्ये क्रीडादिनाच्या झेंड्यांखाली गठ्ठा करून ठेवा, पहिल्या दोन पावसाळ्यांत बुरशी धरते आणि प्रश्न मिटतो. आमचा गठ्ठा मी गेल्या जूनमध्ये उघडला, टेबलक्लॉथ शोधत होतो. मुंग्यांची माटोळी पार गेली होती. मांडवी मात्र होती. मेणाच्या खडूवर पोस्टर कलर धरत नाही, दमट हवेत त्याच्या पापुद्र्या सुटून गठ्ठ्याच्या तळाशी निळा भुगा पडला होता आणि फेरीखाली नदी परत तांबडी झाली होती, लाटांसकट सगळं गळून. कुत्र्याची छत्री शाबूत.

तेव्हा यंदा मुलांना ऑइल पेस्टल देऊ नका. पोस्टर कलरच द्या, म्हणजे आपला वरचा हात नीट बसतो.