नेदरलँड्सची भिंत मागताना

कोल्हापुरात महापूर आला किंवा कोकणात उधाण चढलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: नेदरलँड्सनं समुद्र अडवला आणि आपल्याला साधी भिंत बांधता येत नाही? मी कोल्हापूरचा, आता नेदरलँड्समध्ये, वाल नदीकाठच्या नायमेगन शहरात राहतो. त्यामुळे हे वाक्य प्रश्न होऊन माझ्याकडेच येतं. घरच्या ग्रुपवर येतं, मित्रांच्या फोनवर येतं आणि सगळ्यात तळमळीनं येतं ते देवबागला दिलेल्या माझ्या आत्याकडून. कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर ते गाव वसलंय. किनारा झिजतोय आणि माणसांना धूपप्रतिबंधक बंधारा हवाय. रत्नागिरीजवळ मिऱ्याला टेट्रापॉड (लाटा मोडणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) पडले, मग आमच्याकडे का नाही, ही त्यांची विचारणा रास्त आहे. पण ज्या देशाचं नाव घेऊन भिंत मागतो, त्या देशानं गेल्या पन्नास वर्षांत भिंतींबद्दलचं मत किती बदललं, हे आपल्याकडच्या चर्चेत येतच नाही.

1953 साली, 31 जानेवारी आणि 1 फेब्रुवारीच्या मधल्या रात्री, वादळानं इथले बांध फुटले आणि 1,836 माणसं गेली. त्यानंतर डेल्टा योजना आली. खाड्यांची तोंडं एकामागून एक बंद करायची, असा बेत होता. ओस्टरस्खेल्डे या मोठ्या खाडीवर मात्र तो अडला. तिथले कालवं आणि शिंपले काढणारे लोक आणि पर्यावरणवादी उभे राहिले: खाडी बंद केली तर खारं पाणी जाईल, भरती-ओहोटी जाईल, आमचं पोट जाईल. 1970 च्या दशकात सरकारनं आराखडा बदलला. 1986 साली तिथं 62 पोलादी दारांचा अडथळा उभा राहिला. तो एरवी उघडा असतो, मोठं उधाण येणार असेल तेव्हाच बंद होतो. खर्च खूप वाढला, तरी मासेमारी टिकली. तरीही पाण्याचा ओघ कमी झाल्यानं आतल्या वाळूच्या पुळणी आजही झिजतायत. एवढं जपून केलेल्या कामाचीही किंमत निसर्ग वसूल करतोच.

खुल्या किनाऱ्यावर तर हा देश मुख्यतः वाळूवर विसंबून आहे. किनारा 1990 च्या रेषेच्या मागे जाऊ द्यायचा नाही, असं धोरण ठरलं आणि 2001 पासून दरवर्षी सुमारे 1 कोटी 20 लाख घनमीटर वाळू समुद्राच्या तळातून काढून किनाऱ्याला दिली जाते. 2011 मध्ये हेगच्या दक्षिणेला 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळूचा एक मोठा भूभागच समुद्रात टाकला. त्याला ‘झांडमोटर’ म्हणतात. लाटा आणि प्रवाह ती वाळू किनाऱ्याभर वाटत नेतात. समुद्राची पातळी वाढते तसा किनारा उंचावत न्यायचा, हा त्यामागचा विचार आहे. दगडी भिंत जिथल्या तिथं राहते. लाट तिच्यावर आपटून मागे फिरते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते, पुळण नाहीशी होते, आणि जिथं भिंत संपते तिथं शेजारच्या वाडीची धूप सुरू होते. मग शेजारची वाडी भिंत मागते. कोकणच्या किनाऱ्यावर ही साखळी आपल्या डोळ्यांदेखत लांबत चालली आहे.

हे सगळं आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “भिंत नको म्हणायला तुझं काय जातंय? तुझ्या दारात समुद्र आलाय होय?” तिचं बरोबर आहे. ज्याच्या माडांची मुळं उघडी पडलीत त्याला दहा वर्षांचं धोरण ऐकवून भागत नाही. देवबागसारख्या ठिकाणी तातडीचा दगडी बंधारा लागेल, हे मीही मानतो. पण तो टाकताना खाडीतला वाळूउपसा चालूच ठेवायचा, हे मला पटत नाही. नदीची वाळू हेच किनाऱ्याचं अन्न आहे. ती ट्रकमधून घाटावर चढवायची आणि समुद्राला सिमेंट दाखवायचं, हा खेळ थांबला पाहिजे. आणि भिंतीशिवाय दुसरं काही आपल्याकडे झालंच नाही असंही नाही. मंगळुरूजवळ उल्लाळला आशियाई विकास बँकेच्या कर्जातून किनाऱ्यापासून दूर, पाण्यात रीफ म्हणजे बुडीत बांध उभारले, लाटेचा जोर आधीच मोडावा म्हणून. उल्लाळ आपल्याला नेदरलँड्सपेक्षा कितीतरी जवळ आहे. तिथं काय साधलं, काय नाही, हे आधी जाऊन पाहावं.

आता कोल्हापूरकर म्हणतील, समुद्राचं आम्हाला काय? आमचं पाणी तर घाटाच्या पूर्वेला उतरून कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. पण समुद्र वर आला की काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला कळावं? नृसिंहवाडीला कृष्णा तुंबलेली असली की पंचगंगेला पुढे जाता येत नाही, फुगवटा मागे सरकतो आणि शिरोळपासून प्रयाग चिखलीपर्यंत पाणी हटत नाही. वाल ही जिची शाखा, त्या ऱ्हाईन नदीच्या मुखाशी हेच घडतं. समुद्र उंच असला की नदीला वाट मिळत नाही. 1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी 20 सेंटिमीटरनं वाढली आणि आता वाढीचा वेगही वाढलाय. त्यामुळे इथं किनारा आणि नदी यांचा विचार वेगवेगळा होत नाही.

1995 साली नद्या इतक्या फुगल्या की अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. बांध अजून उंच करा, ही मागणी इथंही झाली. पण उंच बांध फुटला तर त्यामागचं पाणीही तेवढंच उंच असतं. म्हणून ‘नदीला जागा’ हा कार्यक्रम हाती घेतला: 30 हून अधिक ठिकाणी, 200 कोटी युरोंपेक्षा जास्त खर्चून. माझ्या शहरासमोर लेंटला बांध 350 मीटर मागे घेतला आणि नदीसाठी नवी शाखा खणली. त्यासाठी सुमारे 50 घरं पाडली. लोक चिडले, भांडले, वर्षानुवर्षं बैठका झाल्या. ओव्हरडीपमधल्या शेतकऱ्यांनी स्वतःच तोडगा सुचवला: आमचं शेत पुरात जाऊ दे, पण गोठा आणि घर उंच टेकाडावर बांधून द्या. सगळ्यांना तिथं राहता आलं नाही, बरेच जण भरपाई घेऊन उठले. भरपाई मात्र बुलडोझरच्या आधी ठरली होती.

आपल्याकडे चिखली-आंबेवाडीच्या लोकांना 1989 च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्या, तरी पुष्कळ कुटुंबं जुन्या गावातच राहिली. शेती, गोठा, देव, सगळं तिकडे असताना माणूस नुसत्या प्लॉटवर जाऊन राहत नाही, हे कुणी समजून घेतलं नाही. 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तिथली धोक्याची पातळी 43 फूट आहे. महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. तेव्हापासून आपली चर्चा कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर अडकून आहे. धरणाची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 करण्याला कोल्हापूर-सांगलीनं विरोध करावा, तो मलाही योग्य वाटतो. पण त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर बोट ठेवलं, त्यावर आंदोलन झालेलं मला आठवत नाही. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात, भराव टाकून उभे राहिलेले बंगले आणि हॉल कर्नाटकानं बांधले नाहीत. महामार्गाच्या भरावाच्या जागी कमानी कराव्यात, ही मागणी मात्र अगदी नेमकी आहे. पाण्याला जागा द्या, हेच ती सांगते.

किनाऱ्यावर तर जागा सोडण्याची उलटी चाल झाली. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. समुद्र पुढे येतोय आणि आपण त्याच्याकडे सरकतोय. यावर कोल्हापूरनं गप्प बसू नये, कारण मालवण-तारकर्लीच्या बाजूला रिसॉर्टमध्ये पैसा गुंतवणाऱ्यांत आपलीही माणसं आहेत.

डच लोकांचं सगळंच बरं, असं मी म्हणत नाही. जुलै 2021 मध्ये पंचगंगेला पूर आला, त्याच्या आठवडाभर आधी इथल्या लिंबुर्ग प्रांतात खल नदीनं फाल्केनबुर्ग शहर बुडवलं. अरुंद दरीत इथल्यांनीही नदीला खेटूनच घरं बांधली होती. शिवाय कोकणाला चक्रीवादळं आहेत, जांभ्याचे कडे आहेत, मान्सून आहे. इथली वाळूची गणितं तिथं जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. पण घेण्यासारखी एक व्यवस्था आहे: पाणी मंडळं. देशात अशी 21 आहेत, काहींची मुळं तेराव्या शतकात आहेत. दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते आणि त्यांचा वेगळा कर असतो. तो मीही भरतो. त्या पैशातून बांध तपासले जातात, पूर नसलेल्या वर्षीही. आपल्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, गावं मिळून खारबंदिस्ती (खारं पाणी अडवणारे बांध) राखत, त्यातली पाण्याची दारं म्हणजे उघाडी वेळेवर उघडत-मिटत. ती जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली, गावाचा हात सुटला आणि बांध फुटून शेतांत खारं पाणी शिरलं की आता नुकसानभरपाईची वाट पाहणं उरतं.

म्हणून आत्याला आणि घरच्या ग्रुपला मी आता एवढंच सांगतो. पुढच्या ग्रामसभेत बंधाऱ्याचा आराखडा आला की चार गोष्टी लेखी मागा: बंधारा संपतो तिथल्या वाडीचं काय होणार, दहाव्या वर्षी दुरुस्तीचा पैसा कुठून येणार, वाळूउपसा कोणत्या तारखेपासून बंद होणार, आणि ज्यांना हलावं लागेल त्यांचं घर, गोठा आणि शेत यांची सोय कधी आणि कुठं होणार. उत्तरं मिळाली नाहीत तर ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवा. कोल्हापुरात हेच प्रश्न पूररेषेबद्दल महापालिकेच्या सभेत विचारता येतील.