‘जंटलमन’ म्हणजे नुसता सभ्य माणूस? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘जंटलमन’ हा इंग्रजी शब्द मुळात वागण्याचा नाही, वर्गाचा होता, असं मी माझ्या लेखात म्हटलं होतं. त्यावर ‘जंटलमन म्हणजे सभ्य माणूस, हे शाळकरी पोरालाही कळतं, तुम्ही उगाच त्यात पैसा आणि वर्ग घुसडता,’ असा तुमचा आक्षेप आहे. वर ‘क्रिकेटला जंटलमन्स गेम का म्हणतात मग?’ असंही विचारलंय.

आधी माझी चूक. ‘ज्याला पोटासाठी काम करावं लागत नाही तो जंटलमन’ हे वाक्य मी त्या लेखात घाईत ठोकून दिलं. वकील, पाद्री, लष्करी अधिकारी हेही इंग्लंडात जंटलमनच गणले जात आणि ते काही रिकामे बसलेले नसत. आज आपण ‘एकदम जंटलमन माणूस’ म्हणतो ते वागण्याबद्दलच, हेही कबूल.

पण क्रिकेटचा दाखला तुमच्यावरच उलटतो. इंग्लंडात १८०६ ते १९६२ ‘जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स’ असे सामने व्हायचे. हौशी खेळाडू ते जंटलमेन, खेळायचे पैसे घेणारे ते प्लेअर्स. वागण्याचा संबंध शून्य. दोघांच्या ड्रेसिंग रूम वेगळ्या, मैदानात उतरायची फाटकंही बऱ्याच ठिकाणी वेगळी. छापील धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी आणि व्यावसायिकाची नंतर. १९५० साली लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस या सतरा वर्षांच्या व्यावसायिक खेळाडूचं नाव चुकून ‘एफ. जे. टिटमस’ असं छापलं गेलं, तर चक्क ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती सांगण्यात आली: ‘टिटमस, एफ. जे.’ असं वाचावं! पोराच्या सभ्यतेबद्दल कुणाची तक्रार नव्हती. फक्त त्याची जागा चुकली होती.

इंग्लंडचा फलंदाज वॉली हॅमंडचं पाहा. हा गडी वर्षानुवर्षं व्यावसायिक म्हणून खेळला. मग एका कंपनीत नोकरी मिळाली, १९३८ पासून तो हौशी म्हणून उतरला आणि त्याच वर्षी इंग्लंडचा कर्णधार झाला, कारण कर्णधार हौशीच हवा असा तेव्हाचा रिवाज. माणूस तोच, बॅट तीच. उलट एकोणिसाव्या शतकातले गाजलेले इंग्लिश क्रिकेटपटू डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस आयुष्यभर ‘हौशी’ राहिले आणि क्रिकेटवर त्यांनी भल्याभल्या व्यावसायिकांपेक्षा जास्त कमावलं. म्हणजे नुसता पैसाही नाही, हे तुमच्या बाजूनं मीच सांगून टाकतो. पैसा कुणी, कोणत्या नावाखाली घेतला, यावर सगळं.

इंग्लंडचा सलामीचा फलंदाज लेन हटननं मात्र हौशी व्हायला नकार दिला. तरी १९५२ साली त्याला इंग्लंडचं कर्णधारपद मिळालं, तेही आपल्या विरुद्ध, हेडिंग्लेला. (शून्यावर चार गडी बाद झालेली आपली ती कसोटी, जाऊ द्या.) गंमत अशी की, त्या काळात यॉर्कशायर या आपल्या कौंटीच्या, म्हणजे परगण्याच्या, संघाकडून खेळताना तोच हटन हौशी नॉर्मन यार्डलीच्या हाताखाली असायचा. देशाचं नेतृत्व चालेल, कौंटीचं नाही!

तुम्ही सुचवलेला ‘सद्गृहस्थ’ हा प्रतिशब्द आजच्या वापराला छान बसतो. जुन्या अर्थाला मला ‘पांढरपेशा’ जवळचा वाटतो. त्यातही वागणं कसं आहे हे कुणी विचारत नाही, हाताला माती लागते की नाही एवढंच बघतात. आमच्या आजीच्या तोंडी असायचा तो ‘घरंदाज’. तोही चालेल, पण त्यात कुळाचा वास जरा जास्त.

मूळ लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलं आहे. शीर्षक तसंच ठेवतोय.