दहापट बॅटरीचं गणित कुणी करून बघितलंय का?

ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, “सिलिकॉन-कार्बन बॅटरी आली, क्षमता दहापट, फोन दहा दिवस चालणार, लिथियमची गरज संपली, फुगायचं टेन्शन नाही, आणि मोठ्या कंपन्यांनी हे तंत्र इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं.” यातली पहिली गोष्ट खरी, बॅटरी आलीये. बाकीचं बघू.

दहापट हा आकडा हवेतून नाही आला. नेहमीच्या बॅटरीत चार्ज होताना लिथियम साठवणारं टोक, म्हणजे अ‍ॅनोड, ग्रॅफाइटचं असतं, या नव्या बॅटरीत तिथे सिलिकॉन घालतात. ग्रॅफाइटची क्षमता ग्रॅममागे 372 मिलीअँपिअर-अवर (किती चार्ज मावतो त्याचं माप), सिलिकॉनची कागदावर 3,579. पण हा हिशोब फक्त अ‍ॅनोडच्या पावडरीचा, आख्ख्या सेलचा नाही, समोर कॅथोड, म्हणजे लिथियम पुरवणारं दुसरं टोक, बसलाय ना! तो ग्रॅममागे साधारण 180 देतो. म्हणजे 1 अँपिअर-अवरसाठी (1,000 मिलीअँपिअर-अवर) कॅथोड साडेपाच ग्रॅम, ग्रॅफाइट पावणेतीन, मिळून सव्वाआठ. आता ग्रॅफाइट काढून नुसतं सिलिकॉन भरा, अ‍ॅनोड पाव ग्रॅमवर येईल पण कॅथोड जागचा हलत नाही, बेरीज होते पावणेसहा-सहा. दहापट राहू द्या, दीडपटही भरत नाही, आणि यात तांब्याची फॉइल, सेपरेटर, इलेक्ट्रोलाइट हे सेलचे बाकीचे भाग अजून धरलेच नाहीयेत.

बाजारात काय दिसतं? 2023 चा ऑनर मॅजिक5 प्रो, चीनमधल्या सिलिकॉन-कार्बनवाल्या मॉडेलला 5,450 मिलीअँपिअर-अवर आणि बाहेरच्या मॉडेलला 5,100. वनप्लस 12 ला 5,400 होते, सिलिकॉन-कार्बनवाल्या 13 ला 6,000. चांगली वाढ आहे, पण दहा दिवस वगैरे काही नाही.

लिथियम संपलं म्हणणाऱ्यांना तर काय सांगावं, ही लिथियम-आयनच बॅटरी आहे. उलट सिलिकॉन पहिल्याच चार्जला ग्रॅफाइटपेक्षा जास्त लिथियम कायमचं अडकवून ठेवतं.

आणि फुगणं! सगळी मारामारी त्याचीच तर आहे. पूर्ण चार्ज झालं की सिलिकॉनचं आकारमान जवळपास चौपट होतं, ग्रॅफाइट दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं. फुगा-आकसा करत कण तडकतात, वरचा संरक्षक थर फाटतो, नवा थर बनताना परत लिथियम खर्ची पडतं, असं करत बॅटरी म्हातारी होते. म्हणून तर कार्बन लागतो. एका पद्धतीत कार्बनच्या बारीक छिद्रांत सिलेन या सिलिकॉनयुक्त वायूपासून सिलिकॉन बसवतात आणि मुद्दाम थोडी जागा रिकामी सोडतात, म्हणजे फुगलं तरी आतल्या आत. हा सिलेन हवा लागली की आपोआप पेट घेतो, त्यामुळे कारखाना काही स्वस्तात उभा राहत नाही.

दाबून ठेवल्याचं म्हणाल तर 2015 मध्ये टेस्लाच्या मस्कने मॉडेल एस गाडीच्या 90 किलोवॅट-अवर बॅटरी पॅकच्या अ‍ॅनोडमध्ये थोडं सिलिकॉन घातल्याचं उघड सांगितलं होतं, 85 वरून 90 झाले ते. लपवायचं असतं तर एवढा गाजावाजा केला असता का?