डायल 0.18 दाखवतोय आणि म्हणे "छोट्या मशीनला एवढं चालतं"

चालतं? कुणाला चालतं? माझ्या छोट्या लेथचा चक, म्हणजे जॉब (करायचा तुकडा) धरून फिरवणारा पंजा, फिरताना झुलतो; डायल, म्हणजे झोल मोजणारं काट्याचं घड्याळ, 0.18 मिलिमीटर दाखवतोय आणि दुकानदार म्हणतो चालतं. वडिलांच्या फवारणी पंपाला तर चालत नाही. पितळेचा एक बुश (आखूड नळी) करायचा होता, आतून 12 मिलिमीटर, एका बाजूला कॉलर, म्हणजे रुंद कडा. कॉलर आहे म्हणजे जॉब उलटा धरणं आलंच. पहिल्या पकडीत बोअर (आतलं भोक) मारला, बाहेरून टर्न केला, झकास. उलटा धरला, दुसरं टोक टर्न केलं, आणि मधोमध नख अडकेल एवढी पायरी! बोअर एकीकडे, बाहेरचा व्यास दुसरीकडे. असला बुश पंपात घातला की सील दोन दिवसांत खाऊन टाकतो. ऐन जुलैत, कपाशीची फवारणी डोक्यावर आलेली, पंप बंद, आणि मी शेडमध्ये पत्र्याखाली भाजत पितळेचा भंगार करत बसलोय. एक नाही, चार बुश गेले. पितळ काय भाव आहे सध्या?

ज्या दुकानातून मशीन घेतलं तिथं फोन केला. पहिला प्रश्न: "दादा, जॉ 1, 2, 3 नंबरानंच टाकलेत ना?" अहो, जॉचा, म्हणजे जॉब पकडणाऱ्या चकाच्या बोटांचा, क्रम चुकला तर ते मधोमध जुळतच नाहीत, जॉब डोळ्याला दिसेल एवढा झुलतो. त्याला डायल लावायची गरज नसते. मी 0.18 सांगतोय! दुसरं उत्तर: "हॉबी मशीन आहे हो, इतकं चालतं." तिसरं: "नवीन चक घ्या." म्हणजे यांनी वाकडं दिलं ते सरळ करायला परत यांनाच पैसे द्यायचे.

थ्री जॉ चक शून्यावर येत नाही, हे मला कळतं. आतली स्क्रोल (तिन्ही जॉ एकदम सरकवणारी चकती) आणि तीन जॉ मिळून जे काही जुळतं त्यात थोडं राहतंच. साधा नवा चक 0.05 ते 0.08 दाखवतो, त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. आणि डायलवर 0.08 म्हणजे सेंटर त्याच्या निम्मंच सरकलेलं असतं, हेही ठाऊक आहे. पण 0.18? आणि जॉपासून 60 मिलिमीटर पुढं 0.29? पुढं जाताना आकडा वाढतोय म्हणजे चक नुसता सरकलेला नाही, कलंडलेला आहे. हे सांगितलं तर पलीकडून फोनच कट.

वाळूजला तीस वर्षं लेथवर काढलेले आमचे मामा शेजारीच राहतात. त्यांनी डायलकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "चक खाली काढ. बूड पूस आधी."

काढला. स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा मशीनचा दांडा, त्याच्या टोकाच्या बैठकीवर डायल लावला: बाहेरून 0.01, फेसवर (तोंडावर) 0.01. म्हणजे स्पिंडल बिचारं सरळ आहे! मग बॅकप्लेट, म्हणजे स्पिंडल आणि चक यांच्या मधली बिडाची थाळी, लावली: फेसवर 0.05. आणि मग तिचं तोंड उजेडात धरलं. बोल्टच्या तिन्ही भोकांच्या कडेला बर (कापताना उरलेली धारदार कड) तशीच उभी, बोट फिरवलं तर कातडी खरवडली. आणि चक जिथं टेकतो त्या कडेवर हिरव्या रंगाचा थर! रंग! जिथं लोखंडाला लोखंड चिकटून बसलं पाहिजे तिथं कुणीतरी फवारा मारलाय आणि वर चक आवळून खोक्यात भरलाय. ब्लेडच्या टोकानं खरवडला तर नखाएवढा पापुद्रा अख्खा सुटून आला. मायक्रोमीटरमध्ये धरला: 0.07. खोक्यावर मात्र "प्रिसिजन" लिहिलेलं आहे, मोठ्या अक्षरात.

एक बारीक कानस, एक फडका, थोडं रॉकेल. दोन मिनिटांचं काम. तेवढं कारखान्यात झालं नाही, दुकानात झालं नाही, आणि माझे तीन रविवार गेले.

आता सल्ले देणाऱ्यांबद्दल. अर्ध्या लोकांचं म्हणणं, "जॉ ग्राइंड करून घे." अरे बाबांनो, ग्राइंड करताना जॉवर पकडीसारखाच ताण हवा. जॉच्या मागच्या टोकाला किंवा पायऱ्यांवर रिंग धरून आवळल्याशिवाय ग्राइंड केलं तर जॉ मोकळे डुलतात, आणि नंतर जॉब पकडला की पुन्हा तेच. वर दगडाची धूळ स्क्रोलमध्ये आणि बेडवर. बूड तपासलेलं नसताना जॉ घासायला सांगणं म्हणजे खुर्चीचा पाय लंगडा असताना माणसाचा पाय कापणं आहे. उरलेले लोक ड्रिलची शँक (मागचा गोल दांडा) धरून डायल लावतात आणि आकडा छातीठोक सांगतात. शँकवर तुमच्या आधी कितीदा चक घसरलाय त्याचे ओरखडे असतात! ग्राइंड केलेली डॉवेल पिन, म्हणजे अचूक गोल सळई, घ्या, फार महाग नाही ती.

मामांच्या सांगण्यावरून शेवटी बॅकप्लेट माझ्याच स्पिंडलवर बसवून माझ्याच टूलनं फेस केली, म्हणजे तोंड सपाट कापलं, हलका हलका कट. बिडाची काळी धूळ नाकात, मधे दोनदा लाईट गेली. चक बसतो तो उंचवटा मुद्दाम 0.2 नं लहान केला. त्यामुळं चकाला थोडी हालचाल मिळते. बोल्ट अर्धवट आवळायचे, पिनवर डायल लावायचा, जिथं आकडा वर जातो तिथं प्लास्टिकच्या हातोडीनं हळूच ठोकायचं, मग बोल्ट पुरते आवळायचे आणि परत बघायचं. चावीच्या तीन भोकांपैकी एकातच आवळलं की आकडा दरवेळी तोच येतो, त्या भोकाला पंचनं खूण केली. आता 12 मिलिमीटरच्या पिनवर 0.03, पुढं 60 वर 0.05. 25 च्या बारवर 0.07 येतं, ते स्क्रोलचं आहे. त्याला मी शिव्या देत नाही. जिथं त्याहून बारीक हवंय तिथं फोर जॉ (चारही जॉ वेगवेगळे सरकणारा चक) लावून डायलवर सेट करीन, दहा मिनिटं लागतात, लागू देत.

पण मला हे का करावं लागलं? मशीन घेताना रोख पैसे मोजले होते. कापूस विकून आलेले पैसे होते ते. ज्याच्या शेजारी मामा नाहीत, ज्याच्याकडे डायल नाही, तो पोरगा काय करतो? त्याला वाटतं आपल्या हाताला वळणच नाही. आयटीआयमधून नुकतंच सुटलेलं पोरगं हौसेनं मशीन घेतं, चार जॉब वाया घालवतं आणि महिन्याभरात त्यावर गोणपाट टाकून देतं. अशी गोणपाटाखालची दोन मशिनं मी जालन्यातच बघितलीत. त्यांच्या बॅकप्लेट कुणी काढून बघितल्या असतील?

पाचवा बुश बसला. पंप चालू आहे. तो हिरवा पापुद्रा मी आगपेटीत जपून ठेवलाय. पुढच्या आठवड्यात संभाजीनगरला जायचंय, तेव्हा त्या दुकानात जाणार, आगपेटी काउंटरवर उघडणार आणि त्यांच्याच मायक्रोमीटरनं मोजायला लावणार.